वडाखालची तपासणी

शाळा देवळात भरते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नेमणुकीच्या हुकमावर गावाचं नाव होतं, पहिली ते चौथी, एकशिक्षकी, आणि खाली 'ताबडतोब हजर व्हावे'. झालं, एवढंच. मी मालवणात वाढलेली, ट्रेनिंग कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, आणि राग जन्मापासून नाकावर. खाडी होडीने ओलांडली, धक्क्यावर उतरले आणि ट्रंक उचलणाऱ्या माणसाला विचारलं, "शाळा खंय आसा?" तो म्हणाला, "देवळात." मला वाटलं चेष्टा करतोय. पण सभामंडपात खरोखरच खांबाला फळा टेकवलेला होता, कोपऱ्यात देवीची पालखी होती आणि पालखीच्या शेजारी माझी खुर्ची.

गावालाही माझी बातमी नव्हती. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे देवळाचे पहिले मानकरी. ते धक्क्यापर्यंत सामोरे आले होते, आणि माझ्या मागे होडीत डोकावून बघत होते. "मास्तर खंय?" म्हणाले. मी म्हटलं, "मीच." पन्नासचं दशक संपत आलं होतं, मुंबई राज्यात बायका वकिली करत होत्या, पण त्या गावाने मास्तरीण म्हणून बाई कधी पाहिली नव्हती. मानकऱ्यांनी होडीत पुन्हा एकदा डोकावून पाहिलं आणि ट्रंक उचलायला सांगितली.

स्कूल बोर्डाच्या कचेरीतल्या कुणा शहाण्याने देवळातल्या शाळेवर बाई नेमली होती. यात काय घोळ आहे ते त्याच्या लक्षात आलं नाही, मानकऱ्यांच्या नाही आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. ते आलं माझ्या घरमालकिणीच्या. ती विधवा होती, मुलगा मुंबईला गिरणीत, घरात एकटी. मी तिला काकी म्हणायचे. पहिल्याच संध्याकाळी पेज वाढता वाढता तिने विचारलं, "बाईनू, आणि कावळो शिवल्यार शाळा कोण घेतलो?"

आमच्याकडे पाळी आली की कावळा शिवला म्हणत. मग चार दिवस बाहेर बसायचं. कशाला शिवायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, आणि देवळाची तर पायरीसुद्धा चढायची नाही. माझ्या हातातला घास हातातच राहिला. महिन्यातले चार दिवस मला माझ्या शाळेत जाता येणार नव्हतं!

मानकऱ्यांचा तोडगा सरळ होता, तेवढे दिवस शाळा बंद. मला हे सांगायचंही त्यांना जमेना, काकीकडून निरोप आला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चार यत्ता, एक शिक्षिका, पावसाळ्यात होडी बंद, भातलावणीला अर्धा वर्ग चिखलात, शिमग्याला आठवडाभर कुणी फिरकत नाही, आणि वर हे! मी उलट निरोप पाठवला की मी देवळात येणार नाही, पण शाळा बंद ठेवणार नाही. देवळाच्या गडग्याबाहेर मोठा वड आहे, तिथे भरवीन. वडाखाली कुणाचा देव बाटत नाही ना? यावर उत्तर आलं नाही, तेव्हा मी ते होकार म्हणून धरलं.

आता गडग्याबाहेरचं सांगायला हवं. गडगा म्हणजे देवळाभोवतीची दगडांची बुटकी भिंत. शाळेतली काही मुलं रोज त्या भिंतीबाहेर बसत. गावाच्या टोकाला जी वाडी होती तिथली ती मुलं. त्या वाडीला तेव्हा लोक जे नाव घेत ते मी लिहिणार नाही, वाचणाऱ्याला कळलंच आहे. कायदा झालेला होता, देऊळ सगळ्यांना खुलं होतं, कागदावर. ही मुलं उन्हात, भिंतीच्या त्या अंगाला, आणि फळा मंडपात आत. अंधाऱ्या मंडपातला काळा फळा त्यांना काय दिसणार, कपाळ! ती कानांनी शिकायची. पाटी तपासायची झाली की भिंतीवर ठेवून मागे सरायची. मी जाऊन पाटी हातात घ्यायचे, म्हणून मानकऱ्यांनी मला हात धुवायला गडग्याशी पाण्याचा तांब्या ठेवायची व्यवस्था केली. मी त्या तांब्याला कधी हात लावला नाही. ते पाणी कावळे प्यायचे.

त्या मुलांत एक मुलगी होती. चौथीत, दुसऱ्यांदा. अभ्यासात कच्ची म्हणून नव्हे हो! माझ्या आधीच्या मास्तरांच्या वेळी तपासणीला साहेब आले, मंडपात बसले, आतल्या मुलांची परीक्षा घेतली आणि बाहेरच्यांना गैरहजर लावून निघून गेले. ती दिवसभर गडग्याबाहेर उभी होती. तोंडी हिशेबात तर तिचा हात कुणी धरला नसता, आतल्या मुलांची बोटं मोडून होईपर्यंत बाहेरून उत्तर यायचं. अक्षर मात्र कोंबडीच्या पायाचं, कारण हात धरून कुणी गिरवायला शिकवलंच नव्हतं. आणि आवाज! बाहेरून मंडपात पोचावा म्हणून ती कविता ओरडून म्हणायची. खाडीपलीकडे ऐकू जात असेल.

चौथी पास झाली असती तर तालुक्याच्या गावी वसतिगृहात तिला जागा होती, राहणं-जेवण फुकट. नापास झाली तर तिसऱ्यांदा कुणी तिला शाळेत पाठवणार नव्हतं. तिच्या आईने मला स्पष्ट सांगितलं होतं. ती डोंगरातून लाकडाची मोळी आणून विकायची, पोरगी हाताशी आली होती. "औंदा झाला तर झाला, बाईनू. नायतर माज्यावांगडा लाकडांका जातली."

मी त्या बाईला म्हटलं होतं, तुम्ही हो म्हणा, मी मुलीला धरून मंडपात नेऊन बसवते, बघू कोण अडवतो ते. तिने मोळी खाली टेकवली. म्हणाली, "तुमची बदली होतली. आमका हयच रवचा आसा." रागाने काही होत असतं तर त्या गावात मी बरंच काही केलं असतं, पण दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन माझा राग कसा दाखवणार?

पहिल्यांदा मी वडाखाली शाळा भरवली तेव्हा एक गंमत झाली. गंमत कसली, मला रडूच आलं. फळा बाहेर आणला, मी वडाच्या मुळीवर बसले. आतली मुलं लांब लांब बसली, कारण मी विटाळशी. माझ्या जवळ आलं की घरी जाऊन आंघोळ, आया रागावणार. पुढची जागा तशीच मोकळी. मग ही गडग्याबाहेरची मुलं हळूहळू पुढे सरकली. त्यांना कसली भीती? त्यांना कोण न्हाऊ घालणार होतं? पहिल्या रांगेत, माझ्या पायाशी, फळ्यासमोर ती येऊन बसली. ती मुलगी फळ्याकडे बघतच राहिली. मी तिचा हात धरला आणि 'ख' गिरवून घेतला. चौथीतल्या मुलीला 'ख'! त्या दिवशी मला माझ्या त्या चार दिवसांचं काहीच वाटेनासं झालं. मला महिन्यातून चार दिवस लांब ठेवत होते, तिला जन्मभर ठेवणार होते.

तेव्हापासून ते चार दिवस त्या वाडीतली मुलं कधी चुकवत नसत. पावसाळ्यात मात्र वड गळायचा, तेव्हा सगळंच बंद.

वर्ष सरत आलं. काजूंना बोंडं धरली आणि तपासणीचं पत्र आलं. गावात धांदल उडाली. मंडप सारवला, आंब्याच्या पानांचं तोरण लागलं, साहेबांचं जेवण मानकऱ्यांच्या घरी ठरलं, कोंबड्याचं का माशांचं यावर दोन दिवस खल झाला. मी मानकऱ्यांना विचारलं, "बाहेरच्या मुलांची परीक्षा कुठे व्हायची?" ते म्हणाले, "साहेब जाता जाता बगतीत." म्हणजे बघणार नाहीत. मी म्हटलं, मग सगळ्यांचीच बाहेर घेऊया. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवी बाहेर आणून ठेवायला सांगितली होती. "बाई, साहेबांका उन्हात बसवतलात?" मानकरी दुष्ट नव्हते. माझ्या तापात त्यांनीच नारळाचं पाणी पाठवलं होतं. पण जे चालत आलंय ते हलवायचं म्हटलं की तो माणूस दोन पावलं मागे सरायचा.

आदल्या दिवशी दुपारी मी काकीला सांगितलं, "काकी, मी बाहेर बसलेय."

काकी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. एका घरात राहणाऱ्या बायकांना एकमेकींचे दिवस पाठ असतात. "परवाच तर न्हालात तुमी," ती म्हणाली.

"परत आली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर हलवली नाही. मग तिने सूप बाजूला ठेवलं, आतून चटई, कांबळं आणि वेगळं ताट आणलं आणि बाहेरच्या पडवीत नेऊन ठेवलं. "मगे बसा भायर. पण चारय दिवस बसाचा. मदीच उठलात तर माज्या घराक दोष लागतलो." मी बसले. चारही दिवस बसले, डास खात. काकीने लांबून भात वाढला आणि एका शब्दाने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब होडीतून उतरले. घाटावरचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, उकाड्याने हैराण. मानकरी त्यांना घेऊन देवळाशी आले, आणि मी गडग्याबाहेर वडाखाली उभी, फळा माझ्याशेजारी, मुलं समोर. मानकऱ्यांनी आत या म्हणून खूण केली. मी मोठ्याने म्हटलं, "मला आत येता यायचं नाही. मी बाहेर बसलेय."

अरे देवा! पुरुषांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. मानकरी लाल झाले, साहेबांनी टोपी काढून परत घातली आणि "असो, असो" म्हणाले. मग मानकऱ्यांना सुचलं, मुलांनी आत यावं, साहेबांनी आत परीक्षा घ्यावी, बाई राहतील बाहेर. पण मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला माझा पाठ बघायचाय ना? पाठ न बघता माझा शेरा कसा लिहिणार?" हे खरं होतं, शिक्षकाचा पाठ पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नसे. साहेबांनी एकदा मंडपाच्या पायऱ्यांकडे पाहिलं, एकदा वडाच्या सावलीकडे. वाऱ्याची एक झुळूक आली. म्हणाले, "इथंच घेऊ. गारवा आहे." देव त्यांचं भलं करो. खुर्ची बाहेर आली.

मुलं नेहमीसारखी बसली होती. आतली लांब, बाहेरची पुढे. साहेबांनी पाठ पाहिला आणि पुढून परीक्षा सुरू केली. पहिलीच ती.

"वाच," म्हणाले.

तिने पुस्तक धरलं आणि वाचायला लागली. बाई गं! वडावरची पाखरं उडाली. साहेब खुर्चीत दचकले. "अगं हळू, हळू. मी इथंच आहे." मुलं हसली, मानकरीसुद्धा हसले. तिला कळेना काय चुकलं. तिला वाचायचं म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जायला हवं एवढंच माहीत होतं. मी पदराने डोळे पुसले आणि उन्हाचं निमित्त केलं. साहेबांनी तोंडी हिशेब घातला, तिने उत्तर दिलं. आणखी एक घातला, तो संपायच्या आत तिचं उत्तर तयार. मग त्यांना चेव चढला, पावकी-निमकीचे घातले, आणेवारी घातली, आणि ती देतेय उत्तरं! शेवटी म्हणाले, "अक्षर सुधार हो." आणि पुढच्या मुलाकडे वळले. तिच्यापुढे त्यांनी 'उत्तीर्ण' लिहिलं ते मी खुर्चीमागून पाहिलं.

इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण गावात विहीर असते आणि विहिरीवर बायका असतात. मी पुढच्याच महिन्यात माझ्या खऱ्या दिवसांत पुन्हा वडाखाली बसले, आणि बायकांचा हिशेब जुळेना. कुजबुज मानकऱ्यांच्या घरात पोचली. त्यांनी मला काही विचारलं नाही, ते काकीकडे गेले. घरी विचारलं तेव्हा काकी म्हणाली, माका काय म्हायत नाय. मग त्यांनी तिला देवळात बोलावलं. गुरवाने देवीला गाऱ्हाणं घातलं आणि तिला सांगितलं, देवीच्या पायरीवर हात ठेवून बोल.

काकी घरी आली ती उंबऱ्यातच बसली. "सांगलंय," म्हणाली. "माणसांसमोर खोटा बोललंय मी तुमच्यासाठी. तिच्यासमोर नाय जमला." आणि रडायला लागली. मी तिला काय बोलणार? ज्या बाईने आयुष्यभर त्या देवीचा धाक सोसला आणि आधारही घेतला, तिने एवढे दिवस तोंड शिवून ठेवलं होतं हेच माझ्यावर उपकार होते. मी तिच्याशेजारी बसले.

मानकऱ्यांनी बोर्डाकडे अर्ज केला. बाईंनी देवस्थानाशी आणि सरकारशी खोटेपणा केला, परीक्षा रद्द करून पुन्हा घ्यावी, शाळेला पुरुष शिक्षक द्यावा. मला नोकरीची भीती नव्हती असं नाही, घरी धाकटी भावंडं होती. पण रात्रंदिवस डोक्यात एकच, परीक्षा रद्द झाली तर? ती मुलगी मला वाटेत दिसली की मी वाट बदलायचे. तिच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मला तो बघवत नसे.

साहेबांनी परीक्षा रद्द केली नाही. शूरपणाने नव्हे. पुन्हा घ्यायची तर पुन्हा होडी, पुन्हा खाडी, आणि आपण वडाखाली बसून कुणाची परीक्षा कशी घेतली हे वरच्यांना सांगायचं. लागला तो निकाल लागला, असं त्यांनी कळवलं. बाकीचे दोन मुद्दे बोर्डाने मान्य केले. मला ताकीद मिळाली आणि तळेऱ्याच्या बाजूच्या एका गावात बदली. मी म्हटलं, ठीक आहे, पोरगी सुटली ना? खरंच तेव्हा मला तेवढंच वाटलं होतं. मी जिंकले असं वाटलं होतं.

जूनच्या सुरुवातीला नवे मास्तर आले. चांगला माणूस, शांत, माझ्याहून अक्षर सुंदर. मंडपात त्यांना कीर्द, फळा, खडूचा डबा सगळं ताब्यात दिलं, म्हणजे मंडपाच्या आत उभी राहून दिलं. त्यांनी छत्री पालखीच्या दांड्याला अडकवली आणि खुर्ची थोडी आत, उजेड डोळ्यावर येऊ नये म्हणून, सरकवून घेतली. मी त्यांना बाहेरच्या मुलांचं सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, लक्ष ठेवीन." मनापासून म्हणाले. पण गावाने त्यांना मागून घेतलं होतं, आणि ते गावात राहणार होते.

धक्क्यावर मला पोचवायला काकी आली, दोन-चार मुलं आली. थोड्या अंतरावर ती मोळीवाली आई उभी होती. मुलगी वसतिगृहात गेली होती, तिथे तिला खाट मिळाली, जमिनीवर झोपायला लागत नाही, हे आई मला दोनदा सांगत होती. तिच्या कडेला धाकटी होती, त्याच आठवड्यात पहिलीत नाव घातलेली. हातात बहिणीची जुनी पाटी, कोपरा फुटलेली.

मी होडीत पाय ठेवला तेव्हा धाकटी पुढे आली.

"बाईनू, नवे मास्तर वडाखाली कधी बसतले?"

"गप गो," आई म्हणाली.

"ते बसूचे नाय, बाये," मी म्हटलं. "मास्तरांका तसा काय नसता."

होडीवाल्याने वल्हं टेकून होडी ढकलली. पाणी मधे आलं तशी ती बहिणीसारखीच मोठ्याने ओरडली, "मगे माका फळो कसो दिसतलो?"